सहा व्होल्ट



आपल्यापैकी अनेकजण दिवसाची नोकरी आटोपून, घरातली झाकपाक उरकून, रात्री हे पुस्तक उघडत असतील. मीही असेच शिकले. शाळेच्या कार्यालयातली कारकुनी, संध्याकाळची डोंबिवली लोकल, रविवारचे संपर्क सत्र आणि उशिरा लिहिलेले स्वाध्याय या वाटेनेच मी पदवीपर्यंत आणि पुढे समंत्रकाच्या खुर्चीपर्यंत पोहोचले. त्यामुळे आपल्यासमोर विषय मांडताना मला थोडी मोकळीक घ्यावीशी वाटते. विषय ऐकून आपल्याला हसू येईल. जुन्या लष्करी जीपसाठी बॅटरीचा चार्जर कोणता निवडावा, हा तो विषय. गेल्या वर्षी मी या एका प्रश्नावर जवळजवळ तीन आठवडे घालवले, आणि ज्या कारणासाठी घालवले ते कारण मी तोवर कोणालाच सांगितले नव्हते.

आधी त्या जीपविषयी सांगते. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते मूळचे सातारा जिल्ह्यातले. १९५४ साली ते सैन्यात भरती झाले आणि ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराची वाहने व यंत्रे दुरुस्त करणाऱ्या दलात, मोटार मेकॅनिक म्हणून त्यांनी सोळा वर्षे काढली. सैन्यातून सुटल्यावर ते गावी परतले नाहीत. कल्याणमध्ये वालधुनीच्या बाजूला त्यांनी पत्र्याचे एक गॅरेज टाकले. ही जागा त्यांनी का निवडली, असे विचारले की ते उल्हासनगरच्या दिशेने हात करीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे लष्कराचा मोठा तळ होता. दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये सिंधी निर्वासित कुटुंबे आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. पण सैन्याची गाडी, सैन्याचा नट-बोल्ट, सैन्याची ताडपत्री यांचा वास त्या परिसरातून पुढे कितीतरी वर्षे गेला नव्हता. अण्णांना तो वास ओळखीचा होता, एवढेच त्यामागचे कारण असावे.

१९७८ मध्ये शीळफाट्याकडच्या एका खाणमालकाकडून त्यांनी ही जीप घेतली. खडीच्या खाणीत तिची हाडे खिळखिळी झाली होती. अण्णांनी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहिले आणि जाळीतल्या उभ्या फटी मोजल्या. नऊ भरल्या. नागरी वापरासाठी नंतर निघालेल्या जीपला सात फटी असतात. नऊ फटींची पत्र्याची जाळी ही युद्धकाळातली. डॅशबोर्डवरच्या पितळी पट्टीवरचा चुना खरवडल्यावर १९४४ हे साल दिसले. युद्धाच्या वर्षांत विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. फोर्डच्या गाडीत बोल्टच्या डोक्यावरही ‘एफ’ हे अक्षर ठोकलेले असे. आमच्या जीपवर तसे अक्षर नव्हते. म्हणजे विलीज.

या गाडीची एक गंमत मला लहानपणापासून आवडत आली आहे. तिचे पुढचे दिवे बिजागरीवर बसवलेले आहेत. एक खिटी सैल केली की दिवा मागे वळतो आणि त्याचा उजेड थेट इंजिनावर पडतो. रात्री, रणांगणावर, दुसरा कोणी कंदील धरायला नसताना गाडी स्वतःच्या दुरुस्तीसाठी स्वतःच उजेड धरते, असे अण्णा सांगत. मला तेव्हा त्या गाडीबद्दल आदर वाटला होता.

तर ही जीप सहा व्होल्टची आहे. इथे थोडे थांबले पाहिजे, कारण चार्जर निवडण्याचा सगळा घोळ याच आकड्यापासून सुरू होतो. शिशाच्या बॅटरीचा एक सेल साधारण दोन व्होल्टचा असतो. तिच्यामागचे तत्त्व गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये दाखवले आणि ते आजही तेच आहे: शिशाच्या प्लेटा, मध्ये पडदे आणि सौम्य गंधकाम्ल. आजच्या मोटारीत असे सहा सेल एकापुढे एक जोडून बारा व्होल्ट मिळवतात. १९४४ च्या विलीजमध्ये तीनच सेल. बिनतारी संच बसवलेल्या काही जीपना बारा व्होल्टची जोडणी असे, आणि १९५० मध्ये अमेरिकन सैन्याने एम-३८ ही नवी जीप घेतली तेव्हा तिला थेट चोवीस व्होल्ट दिले. त्यामुळे ‘लष्करी गाडीसाठी चार्जर द्या’ असे म्हणून भागत नाही. सहा, बारा की चोवीस, हे पाहिल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये. बारा व्होल्टचा साधा चार्जर सहा व्होल्टच्या बॅटरीला लावला तर ती अक्षरशः उकळते. चोवीसच्या बॅटरीला लावला तर काहीच घडत नाही आणि माणूस रात्रभर आशेवर बसतो.

दुसरी बाब अधिक सूक्ष्म आहे. तेवढेच काम अर्ध्या व्होल्टमध्ये करायचे तर प्रवाह दुप्पट लागतो. म्हणून सहा व्होल्टच्या गाडीच्या केबली अंगठ्याएवढ्या जाड असतात. मोटार मेकॅनिक लोक बाजारात मिळते ती बारा व्होल्टची बारीक केबल टाकतात आणि मग ‘बॅटरीत दम नाही’ म्हणतात. अण्णांचा यावर फार राग होता. बॅटरीला नावे ठेवण्याआधी केबल पाहा, अर्थची पट्टी चेसिसला जिथे लागते ती जागा घासून पाहा, असे ते प्रत्येकाला बजावीत.

जाता जाता, आपण मराठीचे विद्यार्थी आहोत म्हणून एक निरीक्षण. मराठी विश्वकोशात ‘विद्युत् घट’ हा नेटका शब्द आहे. ‘चार्जर’ला ‘प्रभारक’ म्हणता येईल. गॅरेजमध्ये मात्र हे शब्द कधी पोहोचले नाहीत. तिथे मराठीने नामे परकी ठेवली आणि क्रियापदे स्वतःची वापरली. बॅटरी ‘उतरते’, ‘बसते’, ‘धरत नाही’, ‘चार्जिंगला लावतात’; सेल ‘उडतो’; प्लेटांवर पांढरा थर जमला की ‘सल्फेट धरलंय’ म्हणतात. आणि शेवटी बॅटरी ‘मरते’. मेकॅनिकच्या तोंडी ती सजीव आहे. स्वाध्यायात उदाहरण म्हणून वापरायला हरकत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते.

अण्णांचा स्वतःचा एक चार्जर होता. विकत घेतलेला नव्हे, हाताने बांधलेला. पत्र्याच्या पेटीत एक जड ट्रान्सफॉर्मर, प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड, समोर काट्याचे अँपिअर-मीटर आणि सहा, बारा, चोवीस अशा तीन खुणांवर फिरणारा एक काळा बटण-दांडा. या प्रकारच्या चार्जरला बुद्धी नसते. बॅटरी भरली की नाही, हे त्याला कळत नाही. वीज आहे तोवर तो ढकलत राहतो. बॅटरी भरत आली की ॲसिडमधल्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटू लागतात. बुडबुड्यांचा बारीक आवाज येतो. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते. म्हणून अण्णांचा नियम असा की चार्जरजवळ माणूस हवा, दार-खिडकी उघडी हवी, आणि चिमटे काढण्यापूर्वी भिंतीवरचा स्विच बंद झालेला हवा.

जुलै १९८४. मी अठरा वर्षांची होते. बारावीला इंग्रजीत गचकले होते आणि ऑक्टोबरची परीक्षा पुन्हा द्यायची होती. एका ट्रकची मोठी बॅटरी मागच्या खोलीत चार्जिंगला लावलेली होती. अण्णांना एका नातेवाइकाच्या दुखण्यासाठी ठाण्याला जावे लागले. जाताना ते मला म्हणाले, “दहा वाजता स्विच बंद कर.” मी हो म्हटले. पाऊस जोराचा होता म्हणून मागच्या खोलीचे दार आणि खिडकी आईने लावून घेतली होती. मी पुस्तक घेऊन बसले होते. अभ्यासाचे नव्हते, कादंबरी होती. दहा वाजून गेल्याचे मला कळलेच नाही. दिवा मालवून मी झोपले.

सकाळी सहाच्या सुमारास ट्रकवाला आला. दादाने मागची खोली उघडली आणि घाईने चिमटा ओढला. आवाज भांडे पडल्यासारखा आला, एवढेच मला आठवते. आई मोरीतून धावली आणि पिंपातले पाणी तांब्यातांब्याने त्याच्या डोळ्यांवर ओतत राहिली, शेजारी रिक्षा घेऊन येईपर्यंत थांबलीच नाही. डॉक्टरांनी पुढे सांगितले की त्या पाण्याने उजवा डोळा वाचला. डावा गेला. दादा बावीस वर्षांचा होता.

अण्णा दुपारी परतले. जो भेटेल त्याला त्यांनी एकच वाक्य सांगितले: “माझ्याकडून राहून गेलं.” ट्रकवाल्याला सांगितले, शेजाऱ्यांना सांगितले, गावाकडच्या काकांना पत्राने कळवले. मी तिथेच उभी असे. त्यांनी माझ्याकडे कधी पाहिले नाही आणि मीही कधी मध्ये बोलले नाही. तो चार्जर त्यांनी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला. त्यानंतर गॅरेजमधल्या बॅटऱ्या बाहेरच्या दुकानात चार्जिंगला जाऊ लागल्या.

२६ जुलै २००५ च्या पुरात वालधुनीचे पाणी गॅरेजमध्ये शिरले. भिंतीवर त्याची रेघ अजून आहे. जीप सीटपर्यंत बुडाली. अण्णांनी तोवर काम जवळजवळ सोडले होते. गाडी तशीच गंजत राहिली. दादाच्या मुलाने, माझ्या भाच्याने, २०२० च्या टाळेबंदीत वेळ जात नाही म्हणून इंजिन खोलले आणि मग त्याला त्याचा नाद लागला. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची स्वतंत्र नोंदणी करण्याचे नियम केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैमध्ये काढले. त्यात नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. भाच्याने हिशेब मांडून ठेवला. उल्हासनगरच्या एका कारागिराकडून त्याने सहा व्होल्टची बॅटरीही बांधून घेतली, जुन्या चालीची, काळ्या खोक्याची, शंभर अँपिअर-अवरची. नेमके तेव्हाच अण्णा आजारी पडले आणि पुढचे आठ महिने रुग्णालय आणि घर यांत गेले. बॅटरीकडे कोणी पाहिले नाही. शिशाची बॅटरी नुसती ठेवली तरी उतरत जाते आणि उतरलेल्या स्थितीत राहिली की तिला सल्फेट धरते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये अण्णा अंथरुणावरून म्हणाले, “एकदा सुरू करून ऐकवा.”

त्यांचे वय तेव्हा शहाऐंशी होते. चार्जर आणण्याचे काम मी माझ्याकडे घेतले. कोणी का म्हणून विचारले नाही.

मी ठाण्याला गेले. स्टेशनच्या बाजूच्या एका दुकानात सांगितले, सहा व्होल्टचा चार्जर हवा. दुकानदाराने वजनकाट्याच्या बॅटरीचा चार्जर पुढे केला, तळहातावर मावेल असा. प्रवाह अर्धा अँपिअर. शंभर अँपिअर-अवरच्या बॅटरीला तो लावला तर गणिताने दोनशे तास, आणि वाया जाणारे धरले तर दहा दिवस. मी म्हटले, गाडीसाठी हवा. “कोणती गाडी?” “विलीज.” “कुठल्या सालची?” “चव्वेचाळीस.” तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला आणि मग आतून मालकाला बोलावून आणले.

मालक जाणता होता. त्याने तीन चार्जर दाखवले आणि प्रत्येकाची बाजू सांगितली. त्याचे म्हणणे मी वहीत उतरवून घेतले, कारण मला ही भाषा नव्याने शिकायची होती. नव्या चार्जरना बुद्धी असते. ते आधी भरपूर प्रवाह देतात, बॅटरीचा दाब ठरावीक मर्यादेपर्यंत चढला की प्रवाह हळूहळू कमी करतात आणि शेवटी नुसता आधार देत राहतात. सहा व्होल्टच्या बॅटरीत ही वरची मर्यादा सात व्होल्टच्या थोडी पुढे असते. नंतरचा आधार पावणेसातच्या आसपास. बॅटरी उकळत नाही, वायू जवळजवळ सुटत नाही, माणसाने विसरावे आणि झोपावे. हे शेवटचे वाक्य त्याने सहज म्हटले.

एका चार्जरवर ‘आपोआप ओळखतो’ असे लिहिले होते. सहा आहे की बारा, हे तो स्वतः ठरवतो. मालकाने तो स्वतःच बाजूला सारला. ही आपोआप ओळख बॅटरीच्या त्या वेळच्या दाबावरून होते, आणि तिथेच फसगत आहे. बारा व्होल्टची बॅटरी फारच उतरली असेल तर ती त्याला सहाची वाटू शकते. जुन्या गाडीच्या मालकाने हाताने फिरवायचे बटण असलेला चार्जर घ्यावा, हे त्याचे मत मला पटले आणि आपल्यालाही मी तेच सांगेन. जे यंत्र आपल्याला विचारल्याशिवाय ठरवते, त्याच्यावर जुन्या वस्तूच्या बाबतीत विसंबू नये. जुन्या वस्तू त्याच्या माहितीत नसतात.

मग प्रवाह किती हवा? गॅरेजमधला जुना आडाखा असा की बॅटरीच्या क्षमतेच्या एक-दशांश. शंभरच्या बॅटरीला दहा अँपिअर. ही वरची पायरी समजावी. कमी चालतो, फक्त वेळ लागतो. सहा व्होल्टवर चार अँपिअर देणारा, हाताच्या बटणाचा, स्वतः थांबणारा असा एक चार्जर मी घेतला. डोंबिवलीला परतताना तो मांडीवर ठेवून बसले होते. खरे सांगायचे तर दाब, प्रवाह, पायऱ्या हे सगळे मी नंतर जुळवले. मी पैसे मोजले ते ‘स्वतः थांबणारा’ या दोन शब्दांसाठी.

शनिवारी संध्याकाळी आम्ही गॅरेजमध्ये जमलो. शुक्रवार मुद्दाम टाळला. आमच्याकडे शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, आणि काही नवे चार्जर वीज परत आल्यावर कोणी बटण दाबेपर्यंत गप्प राहतात. दादा ठाण्याहून आला होता. भाच्याने बॅटरी गाडीतून काढून बाकावर ठेवली, झाकणे सैल केली, दार आणि खिडकी सताड उघडली. विलीजची ऋण बाजू चेसिसला असते. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बहुधा उलट, धन बाजू. रंगावर न जाता टर्मिनलवरची खूण पाहावी, असे अण्णांनी आम्हाला घरून बजावून पाठवले होते. मी नवा चार्जर जोडला, बटण सहावर केले, स्विच लावला.

लाल दिवा लागला आणि विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. भाच्याने मीटर लावला: बॅटरीत चार व्होल्टच उरले होते. एवढ्या उतरलेल्या बॅटरीला बुद्धिमान चार्जर हात लावत नाही. ती बिघडलेली आहे असे समजून तो माघार घेतो. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण आम्ही तिघे बाकाभोवती उभे राहिलो आणि कोणीच बोलेना.

दादा म्हणाला, “माळ्यावरचा काढू या.”

मी नको म्हटले. बहुधा मोठ्याने म्हटले असावे, कारण भाच्याने दचकून पाहिले. दादा शांतपणे समजावू लागला. जुन्या चार्जरला बुद्धी नाही हेच इथे कामाचे आहे, तो चार व्होल्ट पाहून नाही म्हणणार नाही. दोन तास त्याच्यावर ठेवू, दाब वर आला की नवा लावू. तंत्राच्या दृष्टीने यात चूक काहीच नव्हती. मेकॅनिक मंडळी आजही असेच करतात. गंमत म्हणजे दादाने त्या आठवड्यातच, मला न सांगता, तो चार्जर खाली काढून डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रिवायंडिंगवाल्याकडे नेला होता. त्याने मेगर लावून आवरण तपासले, दमट झालेला ट्रान्सफॉर्मर भट्टीत सुकवला, मुख्य वायर बदलून अर्थची तिसरी तार घातली. चार्जर गोणपाटात नव्हता. दादाच्या गाडीच्या डिकीत होता.

आठ वाजता स्विच लागला. काटा एकाच्या खुणेपर्यंत जेमतेम चढला. सल्फेट धरलेली बॅटरी सुरुवातीला प्रवाह घेतच नाही. अर्ध्या तासाने काटा दोनवर, नऊच्या सुमारास पाचवर, मग सहाच्या पुढे. बॅटरी जागी होते आहे, असे भाचा म्हणाला. तो जेवण आणायला गेला. आम्ही दोघे उरलो.

पावणेदहाला दादाने घड्याळ पाहिले आणि म्हणाला, “दहा वाजता स्विच बंद कर.”

तेच शब्द, त्याच क्रमाने. मी त्याच्याकडे पाहिले. तो काट्याकडे पाहत होता, मान किंचित डावीकडे वळवून. उजव्या डोळ्याने पाहायचे तर त्याला तशी वळवावी लागते.

“अण्णांनी सांगितलं तुला?” मी विचारले.

“अण्णा कशाला सांगतील?” तो म्हणाला. “त्या रात्री मी वर माळ्यावर पडलो होतो. ते जाताना तुला म्हणाले ते मला ऐकू आलं होतं.”

थोड्या वेळाने तो पुढे म्हणाला, “साडेदहाला मला जाग होती. खालून बुडबुड्यांचा आवाज येत होता. मी उठलो नाही. म्हटलं, ती बंद करेल.”

अडतीस वर्षे मी जे एकटीचे समजत होते, त्यात आणखी एक माणूस बसलेला होता. त्यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. त्यालाही नसावे. तो उठला आणि खिडकी उघडी असूनही तिचे दुसरे दार आणखी थोडे ढकलून आला.

दहाला मी स्विच बंद केला. काटा शून्यावर पडला. आम्ही दहा मिनिटे थांबलो. वायू निघून जाऊ द्यायचा असतो. मग मी चिमट्यांकडे हात नेला तर दादा म्हणाला, “थांब, मी काढतो,” आणि खिशातून त्याने वेल्डिंगवाल्यांचा पांढरा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. आधी ऋण, मग धन. त्यानंतर नवा चार्जर लावला. या वेळी दिवा विझला नाही.

चार अँपिअरने उरलेली बॅटरी भरायला रविवारची रात्र उजाडली. चार्जर स्वतः थांबला होता, तरी आम्ही आळीपाळीने बसलोच. सोमवारी पहाटे, बॅटरी काही तास निवल्यावर, भाच्याने हायड्रोमीटरने तिन्ही सेल तपासले. मी आकडे वहीत लिहिले आणि पहिल्या रिक्षाने घरी गेले. अण्णा जागे होते.

“किती?”

“सहा पॉइंट दोन.”

“ग्रॅव्हिटी?”

“बाराशे तीस. मधला सेल बाराशे वीस.”

नव्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीत हा आकडा बाराशे साठच्या आसपास हवा. आठ महिन्यांच्या उपासाने तिचे काही तरी कायमचे गेले होते. अण्णांनी तो हिशेब मनाशी केला, ते दिसत होते.

“पाणी?”

“तिन्ही सेलमध्ये प्लेटांच्या वर.”

“कोण बसलं होतं?”

“आम्ही दोघं. दहा वाजता मी स्विच बंद केला, अण्णा.”

ते बराच वेळ छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “दादाला सांग, गाडीत बसवण्याआधी अर्थची पट्टी कागदाने घासून घे. आणि केबल बारीक टाकू नका.”